राणीच्या बागेचा ताळेबंद

आपल्या वार्षिकाच्या शेवटच्या पानांवर दरवर्षी अहवाल छापले जातात. जिमखान्याने किती ढाली मिळवल्या, वाङ्मय मंडळात कोणाची व्याख्याने झाली, राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिराला किती जण गेले, असा वर्षाचा हिशेब तिथे मांडलेला असतो. परवा जुने अंक चाळताना मनात आले, की शहरातील एखाद्या बागेने आणि संग्रहालयाने असा अहवाल लिहायचा ठरवला, तर त्यात काय लिहिले जाईल? भायखळ्याची राणीची बाग, म्हणजे आजचे वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान, आणि तिच्या शेजारचे डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय ही जोडी डोळ्यांसमोर ठेवून हा प्रश्न मांडतो आहे.

बागेचा अहवाल लिहिणे सोपे आहे. हिवाळ्याच्या अखेरीस पालिकेच्या उद्यान खात्याचे फुलांचे प्रदर्शन, मे महिन्यात मुलाबाळांची झुंबड, दिवाळीच्या सुट्टीत पुन्हा रांगा. २०१६ साली सोलहून आठ पेंग्विन आले आणि मार्च २०१७ मध्ये ते लोकांना पाहायला मिळाले. त्याच वर्षी मोठ्या माणसाचे तिकीट पाच रुपयांवरून पन्नास रुपये झाले; आईवडील आणि दोन मुले अशा कुटुंबाला शंभर. तेव्हापासून बागेची बातमी म्हणजे दोनच आकडे: गर्दी किती आणि गल्ला किती. प्राण्यांच्या देखभालीला खर्च येतो, हे मला मान्य आहे. तिकीट असूच नये असे माझे म्हणणे नाही. पण गल्ला हेच यशाचे माप ठरले, की गोरखचिंचेच्या झाडाची किंमत शून्य होते, कारण त्याच्यासाठी कोणी वेगळे तिकीट काढत नाही. याच झाडांसाठी २००७ च्या सुमारास काही जागरूक नागरिकांना चळवळ करावी लागली होती, हे आपण विसरतो.

संग्रहालयाची गोष्ट निराळी. त्याची पायाभरणी १८६२ साली झाली. जगन्नाथ शंकरशेट आणि डॉ. भाऊ दाजी यांच्यासारख्यांनी पुढाकार घेऊन शहरातून वर्गणी जमवली. पुढे १८६५ मध्ये शेअर बाजार कोसळला, पैशाचा ओघ आटला, सरकारला मदत करावी लागली, आणि १८७२ साली एकदाचे दार उघडले. मांद्र्याहून मुंबईत आलेले, गरिबांना मोफत औषध देणारे भाऊ दाजी त्यानंतर दोनच वर्षांनी वारले. त्यांचे नाव संग्रहालयाला मिळायला १९७५ साल उजाडले. इमारत मोडकळीस आली होती, तिचा जीर्णोद्धार झाला, आणि २००५ साली युनेस्कोने त्या कामाचा गौरव केला. एवढे सगळे होऊनही बागेतून बाहेर पडणारी गर्दी शेजारच्या दाराकडे फारशी वळत नाही.

का वळत नाही? याचे उत्तर मला माझ्या आजोबांनी दिले. ते लालबागच्या एका गिरणीत होते. सुट्टीच्या दिवशी त्यांनी आधी माझ्या वडिलांना आणि नंतर मला राणीच्या बागेत कितीदा नेले असेल, याची गणती नाही. पण संग्रहालयात ते कधी गेले नव्हते. विचारले तर म्हणाले, "ते शिकलेल्यांसाठी असते रे." गेल्या वर्षी मी हट्टाने त्यांना आत नेले. तिथे मुंबईच्या निरनिराळ्या लोकांच्या आणि कारागिरांच्या मातीच्या लहान लहान प्रतिकृती आहेत. आजोबा एकेका कपाटापुढे थांबू लागले. पागोटे कोणाचे, हत्यार कशाचे, हे मी पाटी वाचून सांगायच्या आधी तेच मला सांगत होते. शिकलेला मी होतो, पण माहिती त्यांच्याकडे होती.

माझे मत असे, की संग्रहालयाच्या वर्षाचा खरा हिशेब इथे मांडावा. किती लोक आले यापेक्षा, 'हे आपले नव्हे' असे मानणारे किती जण उंबरठा ओलांडून आले, हे मोजावे. संग्रहालयाच्या आवारात घारापुरीचा दगडी हत्ती उभा आहे. १८६४ साली तो इंग्लंडला नेण्याच्या खटपटीत फुटला. पुढे त्याचे तुकडे जुळवून तो पुन्हा उभा केला. वस्तू परदेशी जाण्यापासून वाचली, पण ती कोणाची हे लोकांना ठाऊक नसेल, तर वाचली असे तरी कसे म्हणावे?

याचा दोष केवळ पालिकेच्या माथी मारून आपण मोकळे होऊ शकत नाही. आपण कला शाखेचे विद्यार्थी. इतिहासाच्या पेपरात नाना शंकरशेटांवर टीप लिहून पाच गुण मिळवतो आणि सहल मात्र माथेरानला काढतो. विद्यार्थी मंडळाने पुढच्या वर्षी एक साधी गोष्ट करून पाहावी. महिन्यातून एका रविवारी आपल्यापैकी चौघांनी आपापल्या चाळीतील किंवा वस्तीतील पाच-दहा माणसांना, शक्यतो वडीलधाऱ्यांना, तिथे घेऊन जावे, मराठीत समजावून सांगावे आणि त्यांच्याकडूनही ऐकून घ्यावे. प्राध्यापकांनी सोबत यावे, ही विनंती.

पुढच्या अंकाच्या अहवालात मग एक ओळ वाढेल. ढालीइतकी ती चमकणार नाही. पण ती वाचताना माझे आजोबा मान डोलावतील, एवढे मी खात्रीने सांगतो.