अजून एक वर्ष द्या, आळं खणतो



गेल्या आठवड्यात खोडव्याला पाणी धरलं होतं. शेजारचे एक आबा बांधावर येऊन बसले. वय सत्तरीच्या आसपास. खिशातून माती परीक्षणाचा कागद काढून माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "हे तुझ्याकडंच ठेव बाबा. मला काय कळतंय त्यातलं? आमचं आता शिकायचं वय राहिलंय व्हय?"

मी कागद घेतला नाही. "बसा आबा, दोघं मिळून वाचू," म्हटलं. हेच वाक्य मी स्वतः पंधरा-वीस वर्षं बोलत आलोय, म्हणून आज त्यावरच लिहितो. नेहमीसारखं पिकाचं नाही, पण शेवटी पिकापर्यंतच जातंय.

माझं शिक्षण दहावी पास. गणितात काठावर. शाळा सुटली तेव्हा सगळ्यात जास्त आनंद टक्केवारी सुटली याचा झाला होता. पुढं शेतीत आलो आणि टक्केवारी पोत्यावर छापून माझ्या पाठीमागं आली. युरिया ४६ टक्के, डीएपी १८:४६, पोटॅश ६० टक्के. ते आकडे मी कधी वाचलेच नाहीत. शेजारी आठ पोती टाकतोय, आपण नऊ टाकू, हा हिशोब. ऊस काळाभोर दिसायचा, बघणारे वाहवा करायचे आणि पावसाळ्यात निम्मा रान झोपायचा. पडलेल्या उसाला उंदीर, पांग्या, वजन कमी, तोडकऱ्यांची कुरकुर. दोष मात्र मी वाऱ्याला द्यायचो.

एकदा माती तपासली होती. कागद आला तो घडी करून ट्रंकेत ठेवला. दोन वर्षं तिथंच. कुणी विचारलं की म्हणायचो, "साहेबलोकांचं काम आहे ते." खरं कारण वेगळं होतं. मला भीती वाटायची. वाचायला घेतलं आणि कळलं नाही तर आपण अडाणी ठरू. त्यापेक्षा न वाचलेलं बरं.

आता दुसरी गोष्ट. आमचं घर ख्रिस्ती. कळंब्यात नि आसपास ओळखणाऱ्या सगळ्यांना माहीत आहे. कोल्हापुरात हा धर्म काही काल-परवा आलेला नाही, रॉयल वाइल्डर नावाचे मिशनरी १८५२ मध्ये इथं आले होते आणि त्यांनी शाळा काढल्या होत्या. मी धर्म सांगायला इथं लिहीत नाही. ज्याचा त्याचा देव ज्याच्या त्याच्या घरी. पण माझी खोड कशी मोडली हे सांगायचं तर चर्चची गोष्ट टाळता येत नाही.

त्या रविवारी पाळकसाहेबांनी अंजिराच्या झाडाचा दाखला घेतला होता. लूकच्या शुभवर्तमानात आहे. माझ्या शब्दांत सांगतो. एका माणसाच्या द्राक्षमळ्यात अंजिराचं झाड होतं. मालक तीन वर्षं फळ बघायला येतोय आणि झाडाला काही नाही. तो माळ्याला म्हणतो, तोडून टाक, फुकट जागा अडवतंय. माळी म्हणतो, मालक, एवढं एक वर्ष राहू द्या. मी भोवतीनं खणतो, खत घालतो. आलं फळ तर बरं, नाहीतर मग तोडा.

हा दाखला मी लहानपणापासून ऐकत आलोय. पण त्या दिवशी पहिल्यांदा शेतकरी म्हणून ऐकला. माळी असं म्हणत नाही की मी प्रार्थना करतो, उद्या सकाळी झाड लगडलेलं दिसेल. तो म्हणतो, आळं खणतो, खत घालतो आणि वेळ द्या. म्हणजे श्रद्धा आहे, पण हातात कुदळ आहे. आणि मुदतही आहे. कायमची सूट मागितलेली नाही, एक वर्ष मागितलंय.

मी तोवर काय करत होतो? पीक पडलं की "देवाची इच्छा". कागद वाचता येत नाही, "देवानं एवढीच बुद्धी दिली". शेजारचे लोक नशीब म्हणतात, मी देवाची इच्छा म्हणायचो, एवढाच फरक. दोन्हीच्या आत भीती आणि आळस. देवाच्या नावावर आपला आळस खपवणं हे मला तरी आज पाप वाटतं.

घरी आलो, ट्रंक उघडली. पुतणी तेव्हा नववीत होती. तिला म्हटलं, "बाळ, मला टक्केवारी शिकव." ती हसली नाही, ही माझ्यावर मोठी मेहरबानी. म्हणाली, "काका, शंभर किलो युरिया घेतला तर त्यात नत्र ४६ किलो. एवढंच." मग आम्ही दोघांनी वहीवर मांडलं. ज्यांना अजून अवघड वाटतं त्यांच्यासाठी तेच इथं देतो.

सुरू उसाला विद्यापीठाची सर्वसाधारण शिफारस हेक्टरी २५० किलो नत्र, ११५ किलो स्फुरद, ११५ किलो पालाश. अडीचनं भागलं की एकरी १००, ४६, ४६. स्फुरदासाठी डीएपीची ५० किलोची दोन पोती घेतली तर स्फुरद ४६ किलो झालं, पुरं झालं. पण त्याच दोन पोत्यांतून १८ किलो नत्रही आलं. म्हणजे राहिलं ८२ किलो. ८२ ला ०.४६ नं भागा, १७८ किलो युरिया. पोतं ४५ किलोचं, म्हणजे चार पोत्यांत खेळ संपला. पोटॅश ७७ किलो, म्हणजे दीड पोत्याला थोडं वर. तेही एकदम नाही, हप्त्यानं. माती परीक्षणाप्रमाणं यात कमी-जास्त होतं, आडसालीचा डोस वेगळा, ते आपापल्या कृषी सहायकाला विचारा.

चार पोती! मी नऊ टाकत होतो, वर डीएपी वेगळं. वहीकडं बघून मी बराच वेळ गप्प बसलो होतो. पैसे किती गेले हा एक भाग. पण एका नववीच्या पोरीला वीस मिनिटं लागली ते समजवायला, आणि मी वीस वर्षं घाबरत होतो.

तिथून पुढं कागदातला सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब एकेक शब्द विचारत गेलो. माझा कर्ब ०.४२ निघाला होता. पाचट जाळायचं बंद केलं. एक हेक्टर उसातून आठ-दहा टन पाचट निघतं, ते आपण काडी लावून आकाशात सोडतो. सरीत दाबलं, वर थोडा युरिया, सुपर फॉस्फेट आणि जिवाणू टाकले. पहिल्या वर्षी चुकलं, पाणी कमी पडलं, पाचट कुजलं नाही आणि घरच्यांचे टोमणे ऐकले. दुसऱ्या वर्षी जमलं. लागणीआधी ताग घेऊन गाडायला लागलो. सहा वर्षांनी कर्ब ०.५५ आला. तपासणीत थोडं इकडंतिकडं होतं हे मला कळतं, म्हणून लगेच ढोल वाजवत नाही. पण पावसाळ्यात ऊस उभा राहतोय आणि माती हातात घेतली की भुसभुशीत लागते, एवढं खरं.

मंडळी, याला हल्ली वेगळं नाव आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या कॅरल ड्वेक नावाच्या मानसशास्त्राच्या बाईंनी २००६ मध्ये यावर पुस्तक लिहिलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की काही माणसं बुद्धी जन्मतः ठरलेली मानतात, ती अवघड कामापासून पळतात. काही मानतात की कष्टानं वाढते, ती चुकतात पण थांबत नाहीत. "मला जमत नाही" याऐवजी "मला अजून जमत नाही" म्हणा, हा त्यांचा सल्ला. ऐकलं तेव्हा मला त्या माळ्याची आठवण झाली. त्याचं मागणंही "अजून" एवढंच होतं.

आणि हे काही परदेशातूनच यायला पाहिजे असं नाही. आपल्याकडं पंडिता रमाबाई होऊन गेल्या. १८५८ चा जन्म. दुष्काळात पायी फिरताना आई, वडील, बहीण गेले. लग्न झालं आणि दोन वर्षांत नवरा कॉलऱ्यानं गेला, पदरात लहान मुलगी. १८८३ मध्ये डॉक्टर व्हायचं म्हणून इंग्लंडला गेल्या. तिथं कळलं की ऐकू कमी येतं म्हणून डॉक्टरकी शिकता येणार नाही. तिथंच त्यांनी ख्रिस्ती धर्म घेतला. कुणीही म्हटलं असतं, देवानं दार बंद केलं, चला परत. बाईंनी दुसरं दार शोधलं. १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढलं. १८९६-९७ च्या दुष्काळात उपाशी मुली-बायका आणून दौंडजवळ केडगावला ठेवल्या. तिथं विहिरी खणल्या, शेती केली, गाईगुरं पाळली, विणकाम, तेलघाणा, छापखाना चालवला, अंध मुलींनाही शिकवलं. आणि सगळं पवित्र शास्त्र सोप्या मराठीत आणायचं म्हणून हिब्रू आणि ग्रीक भाषा शिकल्या. आयुष्याची शेवटची बरीच वर्षं त्या कामात घातली, आणि १९२२ मध्ये वारल्या तेव्हा ते काम पुरं करून गेल्या. छापण्याचं काम त्यांच्या तिथल्या बायकांनीच केलं.

कमी ऐकू येणाऱ्या बाई उतारवयात हिब्रू शिकतात, आणि मी धडधाकट माणूस म्हणतो मला टक्केवारी येत नाही. लाज वाटली पाहिजे का नको?

दुसरे जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर. वीणा गवाणकरांच्या 'एक होता कार्व्हर'मुळं ते आपल्या घरातलेच झालेत. गुलामाच्या पोटी जन्म, लहानपणी सतत आजारी. एका कॉलेजनं पत्रानं प्रवेश दिला आणि दारात आल्यावर रंग बघून परत पाठवलं. तरी शेतीशास्त्र शिकून १८९६ मध्ये अलाबामात टस्कीगीला गेले. तिथली जमीन कापसावर कापूस घेऊन मेलेली, आपली उसावर ऊस घेऊन होतेय तशी. त्यांनी भुईमूग, चवळी असली द्विदल पिकं फेरात आणायला सांगितली, जंगलातला पालापाचोळा कुजवून खत करायला सांगितलं, कारण गरिबाला विकतचं खत परवडत नव्हतं. १९०६ पासून घोडागाडीत अवजारं आणि नमुने भरून शेतकऱ्यांच्या दारात शिकवणं सुरू झालं. पीनट बटर त्यांनी शोधलं असं सांगतात, ते खरं नाही. मोठं काम मातीचं आहे. पहाटे उठून रानात जायचे आणि देवाला विचारायचे, मग प्रयोगशाळेत जाऊन स्वतः खपायचे. रविवारी पोरांना बायबल शिकवायचे. त्यांच्यात श्रद्धा आणि शास्त्र यांचं भांडण नव्हतं.

हे फक्त ख्रिस्ती लोकांचं आहे असं मला मुळीच म्हणायचं नाही. आपल्याकडं सावता महाराजांनी मळा सोडून देव शोधला नाही, मळ्यातच शोधला. सांगायचं एकच, श्रद्धा माणसाला बसवत असेल तर ती तपासून बघावी, उठवत असेल तर जपावी.

आता उलट बाजूही सांगतो, नाहीतर कुणीतरी म्हणेल हा प्रवचन करायला लागला. मनानं सगळं होत नाही. दर पडला, वीज रात्री दोनला आली, पुराचं पाणी आठ दिवस रानात उभं राहिलं, तर "सकारात्मक राहा" म्हणून ऊस वाचत नाही. कर्जात बुडालेल्या माणसाला विचार बदल असं सांगणं ही त्याची थट्टा आहे. त्या अडचणी सरकारशी, कारखान्याशी भांडून, एकत्र येऊनच सुटतील. पण काही कुंपणं आपण स्वतः घातलेली असतात. कागद न वाचणं, पोराला विचारायला लाजणं, चुकीची सवय बापानं केली म्हणून करणं. ती काढायला कुणाची परवानगी लागत नाही. आणि जो हिशोब मांडायला शिकतो, तो भांडतानाही नीट भांडतो.

या पानावर बरेच कृषी अधिकारी आणि अभ्यासक वाचतात. त्यांना हात जोडून एक सांगणं. आमच्यापुढं बोलताना "शेतकऱ्यांना हे समजणार नाही" असं धरून चालू नका. नुसतं औषधाचं नाव आणि मात्रा लिहून देऊ नका, कारण सांगा. माझ्या पुतणीनं जसं सांगितलं, तसं शंभर किलोत किती, एवढ्यापासून सुरू करा. आम्ही दोनदा विचारलं तर वैतागू नका. झाड तीन वर्षं नापीक दिसलं तरी कुणीतरी खणायला तयार पाहिजे.

त्या दिवशी आबांबरोबर कागद वाचला. त्यांच्या जमिनीत स्फुरद भरपूर निघालंय आणि ते दरवर्षी तीन पोती डीएपी टाकतात. बराच वेळ कागदाकडं बघत राहिले. मग म्हणाले, "पुढच्या खेपेला मीच मांडतो हिशोब, तू नुसता बघ."

ऊस तुटल्यावर, नवीन खत टाकायच्या आधी माती काढा. बांधाजवळची, झाडाखालची, खताच्या ढिगाजवळची घेऊ नका. आणि ज्यांचा कागद ट्रंकेत पडलाय, त्यांनी आज रात्री तो बाहेर काढा. कुठला शब्द अडला तर खाली विचारा. मला येत असेल तर मी सांगतो, नसेल येत तर आपण दोघं शिकू.