आंदण दिलेलं शहर

मुंबईची ओळख करून देणारं कुठलंही पुस्तक घ्या, सुरुवात बहुधा एका लग्नाने होते. १६६१ साली पोर्तुगालची राजकन्या कॅथरिन हिचा विवाह इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सशी ठरला आणि मुंबईचं बेट हुंड्यात गेलं. १६६८ मध्ये राजाने ते वर्षाला दहा पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकलं. ही गोष्ट आपण गंमत म्हणून सांगतो. पण बेटावर माणसं राहत होती. ज्या मुंबादेवीवरून शहराचं नाव पडलं ती त्या कोळ्यांची देवी. त्यांना कुणी विचारलं नाही. बाई आणि जमीन, दोन्ही देण्याघेण्याच्या वस्तू. जमिनीचा निर्णय तिथे राहणाऱ्यांना न विचारता करण्याची ती रीत या शहरात अजून मोडलेली नाही, असं मला वाटतं.

मी वस्तीपातळीवर काम करते. आमच्या गटात नव्याने येणाऱ्या बायांना आणि मुलींना शहराची माहिती देण्याचं काम बरीच वर्षं माझ्याकडे आहे. कॉलेजात शिकलेल्या पद्धतीने मी फळ्यावर सात बेटं काढायची, भराव दाखवायची, रेल्वे, गिरण्या, गोदी असं क्रमाने सांगत जायची. एकदा मागे बसलेल्या एक मावशी म्हणाल्या, "बाई, हे समदं झालं. पण ह्यात आमचा नळ कुठाय?" सगळ्या हसल्या, मीही हसले. पण तेव्हापासून मी तो नकाशा तसा काढू शकलेले नाही.

हे शहर बंदरामुळे वाढलं, हे खरंच आहे. १८५३ मध्ये बोरीबंदर ते ठाणे रेल्वे सुरू झाली, त्याच दशकात पहिली कापडगिरणी उभी राहिली. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चाललं, तिथला कापूस अडला आणि इथल्या कापसाच्या व्यापाऱ्यांकडे पैसा आला. १८७३ मध्ये पोर्ट ट्रस्ट स्थापन झाला. १८७५ मध्ये ससून डॉक आणि त्यानंतर प्रिन्सेस, व्हिक्टोरिया, अलेक्झांड्रा अशा गोद्या झाल्या. समुद्र हटवून जमीन काढली गेली. माल चढवायला, उतरवायला, सूत कातायला हजारो हात लागले. त्यांत बायकांचे हात किती होते, हे मात्र शहराच्या ओळखीत क्वचितच येतं.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईच्या गिरणी कामगारांमध्ये साधारण पाचात एक बाई होती. बहुतेक जणी सूत गुंडाळण्याच्या, लडी करण्याच्या खात्यांत. मग रात्रपाळीला बंदी आली. १९२९ मध्ये बाळंतपणाच्या रजेचा आणि भत्त्याचा कायदा झाला. डॉ. आंबेडकरांनी कायदेमंडळात त्याची बाजू मांडली होती. कायदा बाईच्या भल्याचाच होता, पण मालकांनी त्याचा अर्थ 'बाई महाग पडते' असा लावला. नवी यंत्रं आली, खाती बदलली, आणि कामावरून आधी बाया गेल्या. १९८२ च्या संपानंतर गिरण्या बंद पडल्या म्हणून आपण हळहळतो. पण बायांसाठी गिरणीचा दरवाजा त्याच्या कितीतरी आधी लागत आला होता. मग त्या घरातून कामगारांची जेवणं करू लागल्या. या खानावळवाल्या बायांना सावकाराच्या तावडीतून सोडवण्यासाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. गिरणगाव ज्यांच्या चुलीवर जेवत होता, त्यांची नोंद कामगार म्हणून कधी झालीच नाही.

आजही ससून डॉकवर पहाटे गेलं तर बंदर बायका चालवताना दिसतं. होड्या लागतात, कोळणी भाव करतात, पाट्या उचलल्या जातात. बाजूला ओल्या फरशीवर बायांच्या रांगा कोळंबी सोलत बसलेल्या असतात. बर्फाच्या पाण्यात बोटं बधिर होतात, नखांच्या कडा फाटतात. मजुरी सोललेल्या मालावर. बसायला जागा, प्यायला पाणी, मूल ठेवायला पाळणाघर यांची गोष्ट काढली की उत्तर ठरलेलं: जागा कुठाय?

हे 'जागा कुठाय' आपण सगळ्यांनी इतकं ऐकलंय की ते खरंच वाटू लागलंय. २०११ च्या जनगणनेत बृहन्मुंबईची लोकसंख्या १ कोटी २४ लाख होती. उपनगर जिल्ह्यात दर चौरस किलोमीटरला सुमारे २१ हजार माणसं. हजार पुरुषांमागे बायका शहर जिल्ह्यात ८३२, उपनगरात ८६०. जवळजवळ ४२ टक्के लोक झोपडपट्टीत, आणि त्यांच्या वाट्याला शहराच्या जमिनीचा अगदी छोटा तुकडा. म्हणजे गर्दी सगळ्यांना सारखी नाही. एका बैठकीत एका अधिकाऱ्यांनी आम्हाला समजुतीच्या सुरात सांगितलं, "एवढ्या गर्दीत काय काय पुरवणार?" जणू गर्दी पावसासारखी आभाळातून पडते! गर्दी ही जमिनीच्या वाटपाची गोष्ट आहे. थोड्या जागेत जास्त माणसं कोंबली की उरलेल्या जागेत ऐसपैस राहता येतं.

आणि या गर्दीची किंमत बाई शरीराने मोजते. संडासला रांग म्हणून ती पाणी कमी पिते. रात्री अंधारात जायला नको म्हणून लघवी दाबून धरते. पाण्याची वेळ पहाटेची, म्हणून तिची झोप तुटते. घरात आडोसा नाही म्हणून वयात आलेली मुलगी कपडे बदलायला घर रिकामं व्हायची वाट बघते. २०११ मध्ये मुंबईत 'राइट टू पी' मोहीम सुरू झाली तेव्हा वस्त्यांतल्या बायांनी साधीच गोष्ट दाखवून दिली: मुतारीला पुरुषांना पैसे पडत नाहीत, बायकांना पडतात. वर्तमानपत्रांना आधी हसू आलं. नंतर बातम्या आल्या.

आता बंदराच्याच जमिनीकडे बघू. माझगाव-रे रोडच्या बाजूला कौला बंदर नावाची वस्ती आहे. जुन्या धक्क्यावर, पोर्ट ट्रस्टच्या जमिनीवर वसलेली. जमीन केंद्राच्या अखत्यारीतली, म्हणून पालिकेचा नळ नाही. २०१० नंतरच्या काळात तिथे झालेल्या अभ्यासांत नोंदलं गेलं की खासगी विक्रेते मोटार लावून लांबलचक पाइपांनी पाणी आणून विकत, आणि वस्तीतली कुटुंबं पालिकेच्या दराच्या कित्येक पट पैसे मोजत. पाइप ओढायचे, पिंपं भरायची, पाणी आलं नाही तर कामाचा खाडा करायचा, हे काम कुणाचं ते सांगायला नको. डिसेंबर २०१४ मध्ये, पाणी हक्क समितीच्या याचिकेवर, मुंबई उच्च न्यायालयाने झोपडी अनधिकृत आहे एवढ्या कारणाने पाणी नाकारता येणार नाही असं सांगितलं. २०२२ मध्ये महापालिकेने 'सर्वांसाठी पाणी' धोरण आणलं. कागद आपल्या हातात आहेत. पण जमिनीच्या मालकाची परवानगी नाही म्हणून नळ अडतोच.

आणि याच मालकाकडे सातशे हेक्टरांहून अधिक जमीन आहे. १९८९ मध्ये न्हावा शेवाचं बंदर सुरू झालं, कंटेनर तिकडे गेले, जुन्या गोदीतलं काम घटलं. आता या पूर्व किनाऱ्याचं काय करायचं याचे आराखडे होत आहेत. २०१८ मध्ये पोर्ट ट्रस्टला तिथलं विशेष नियोजन प्राधिकरण नेमलं गेलं. पर्यटन, जलविहार, बागा, कार्यालयं असे शब्द त्यात येतात. बागेला माझा विरोध नाही. पण गिरण्यांच्या जमिनीवर काय उभं राहिलं ते लालबाग-परळच्या बायांनी पाहिलंय. तिथल्या टॉवरमध्ये त्या राहत नाहीत, झाडायला जातात.

मैत्रिणींनो, इथे थोडं आपल्याकडेही बघायला हवं. हिंसाचार, हुंडा, पोटगी, बलात्काराचा कायदा यांवर आपण रस्त्यावर आलो, आणि ते योग्यच होतं. जमिनीचा प्रश्न मात्र आपण घरांच्या चळवळीचा, युनियनचा म्हणून बाजूला ठेवला. खरं तर तो आपलाच आहे. नवऱ्याने मारलं म्हणून बाहेर पडलेली बाई केंद्रावर येते तेव्हा तिचा पहिला प्रश्न असतो, "जाऊ कुठे?" भाड्याची खोली तिला परवडत नाही, माहेरच्या दहा बाय दहाच्या खोलीत भावाचा संसार. या शहरात जागेचा भाव बाईला मार खात राहायला लावतो. समुपदेशनाने हे सुटत नाही.

नव्याने सगळं शोधायचीही गरज नाही. पाण्यासाठी मोर्चे काढून मृणालताई 'पाणीवाली बाई' झाल्या. १९८५ च्या सुमारास भायखळ्याच्या फुटपाथवरच्या बायांनी स्वतःच्या घरांची मोजदाद करायला हातभार लावला आणि पुढे महिला मिलन उभं केलं. झोपडपट्टी पुनर्वसनात घराचा करार नवरा-बायको दोघांच्या नावे करण्याची तरतूद आली. या गोष्टी आपोआप झालेल्या नाहीत.

म्हणून माझी सूचना आहे. पूर्व किनाऱ्याच्या आराखड्याचा प्रत्येक टप्पा आपल्या गटांनी मागवून घ्यावा, वस्तीत मोठ्याने वाचावा आणि हरकती-सूचना लेखी द्याव्यात. मागण्या साध्या आहेत. बंदराच्या जमिनीवरच्या प्रत्येक वस्तीत आधी नळ आणि संडास, पुनर्वसन नंतर. पुनर्वसन कामाच्या जवळ आणि बाईच्या नावासह. एकट्या बायांना भाड्याने मिळतील अशी घरं आणि कष्टकरी बायांचं वसतिगृह. मासळी विकणाऱ्या, सोलणाऱ्या बायांसाठी हक्काची जागा, सावली आणि पाळणाघर.

परवा नव्या गटाला शहराची ओळख करून द्यायची होती. मी खडू त्या मावशींच्याच हातात दिला. त्यांनी सात बेटं काढली नाहीत. आधी नळ काढला, मग संडास, मग त्या कामाला जातात तो बाजार, आणि मध्ये रेघा ओढून रोजचे तास लिहायला लावले. त्या नकाशात समुद्र कुठेच नव्हता. धक्क्यावर राहणाऱ्या बाईला समुद्राकडे बघायला वेळ नाही, हेही मला त्या दिवशी कळलं.

१६६१ साली इथल्या लोकांना कुणी विचारलं नव्हतं. या वेळी कुणी विचारेल म्हणून आपण थांबू नये.