कार्टूनमध्ये विज्ञान कुठाय?

"कार्टून काढून आणलंय. यात विज्ञान कुठाय?"

हे वाक्य गेवराईतल्या एका शालेय विज्ञान प्रदर्शनात परीक्षकांनी माझ्या भाचीला ऐकवलं. शाळेचं नाव घेत नाही, परीक्षकांचंही नाही. गाव लहान आहे, बाजारात रोज गाठ पडते. पण या वाक्याशी माझं भांडण आहे आणि ते मी इथे करणार आहे.

पोरीने नेलं काय होतं? दोनशेपानी वहीच्या कडेला काढलेला चेंडू. पानं अंगठ्याने भराभर सोडली की चेंडू खाली पडतो. आधी तिने तो दर पानावर सारख्याच अंतराने खाली काढला होता, तर तो विहिरीत दोराने सोडलेल्या बादलीसारखा दिसायचा. मग तिने अंतरं वाढवत नेली. 1 मिलिमीटर, 3, 5, 7... आणि चेंडू खरंच पडायला लागला! पडणारी वस्तू सारख्या वेळात याच विषम संख्यांच्या प्रमाणात अंतर कापते, हे गॅलिलिओने उतरणीवर गोळे सोडून शोधलं होतं. आता यात विज्ञान नसेल तर कशात आहे?

बक्षीस मिळालं ज्वालामुखीला. तो असतोच. मातीचा डोंगर, आत खायचा सोडा, वरून व्हिनेगर, लाल फेस, टाळ्या. खऱ्या ज्वालामुखीत सोडाही नसतो आणि व्हिनेगरही. गंमत म्हणजे ज्या काळ्या रानात आपण कापूस लावतो, ती माती म्हणजे झिजलेला लाव्हाच आहे, सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीचा. आणि तो बहुतांशी जमिनीतल्या लांबलचक भेगांमधून पसरत आला, डोंगराच्या टोकातून उसळून नव्हे. असो.

परीक्षकांनी जाता जाता एक प्रश्न मात्र विचारला. "चित्रं हलताना का दिसतात?" पोरगी म्हणाली, "तेच शोधतेय." त्यावर त्यांनीच उत्तर दिलं : दृष्टिसातत्य. प्रतिमा डोळ्यात 1/16 सेकंद टिकते, म्हणून.

मंडळी, हे उत्तर आपण सगळ्यांनी पाठ केलंय, पण ते अपुरं आहे. पुठ्ठ्याच्या एका बाजूला पोपट आणि दुसऱ्या बाजूला पिंजरा काढून दोऱ्याने गरगर फिरवलं, की पोपट पिंजऱ्यात बसलेला दिसतो. ते दृष्टिसातत्य. तिथे चित्रं एकमेकांवर चढतात. चेंडूच्या बाबतीत तसंच झालं असतं तर चेंडूंची माळ दिसली असती, पडणारा एक चेंडू नाही. माक्स वेर्टहायमर या मानसशास्त्रज्ञाने 1912 साली दोन रेघा आलटून पालटून दाखवून हे तपासलं. मधला वेळ 30 मिलिसेकंद ठेवला तर दोन्ही रेघा एकदमच दिसतात, 200 ठेवला तर एकीनंतर दुसरी. पण साधारण 60 ला एकच रेघ इकडून तिकडे सरकताना दिसते. ती हालचाल मेंदू तयार करतो.

आमच्या लहानपणचा दूरदर्शनवरचा मोगली आठवा. (लोडशेडिंग नसेल तर दिसणारा. शेरखानला आवाज नाना पाटेकरांचा!) ती मालिका जपानी, 1989 ची. जपानी टीव्ही कार्टूनमध्ये पुष्कळदा सेकंदाला 8 च चित्रं असतात. म्हणजे एकेक चित्र 1/8 सेकंद पडद्यावर जागच्या जागी उभं असतं. तिथे 1/16 सेकंदाची शिल्लक काय कामाची? तरी बघीरा धावतोच ना?

आणि कार्टून व विज्ञान यांची सोयरीक काही नवी नाही. दादासाहेब फाळक्यांनी 'राजा हरिश्चंद्र'च्या आधी काय केलं? कुंडीत वाटाणे पेरले, समोर कॅमेरा मांडला आणि महिनाभर रोप थोडंथोडं टिपत राहिले. 'अंकुराची वाढ'. हे बघूनच त्यांना भांडवल देणारा मिळाला. पुढे त्यांनी आगकाड्या सरकवून सरकवून चित्रपट केला. 1974 चा 'एक अनेक और एकता' तर ऐन शिक्षणखात्यातला. विजया मुळे एनसीईआरटीच्या शैक्षणिक तंत्रज्ञान केंद्राच्या प्रमुख होत्या, त्यांनी तो केला. चित्रं भीमसेन यांची, संगीत वसंत देसाईंचं, आवाज लहानग्या साधना सरगमचा. ते गाणं सगळ्यांना पाठ, पण विजयाबाई 2019 मध्ये गेल्या तेव्हा त्या कोण हे आमच्या घरात कुणालाच ठाऊक नव्हतं.

मामा आता म्हणतील, मग काय पोरांना दिवसभर टीव्हीपुढे बसवायचं? नाही हो मामा. सगळी कार्टूनं चांगली असंही मी म्हणत नाही, हल्लीची कित्येक मला पाच मिनिटं बघवत नाहीत. माझं म्हणणं त्या परीक्षकांपुरतं आहे. त्यांनी वही हातातही घेतली नाही. पानं एकदा सोडून बघायला दोन सेकंद लागले असते.

भाची सध्या चेंडू जमिनीवर आपटून वर उसळवायच्या खटपटीत आहे. टप्प्याला तो किती चपटा काढायचा यावर तिचं नि माझं रोज वाजतं. कुणी हे करून बघितलं असेल तर कळवा :)