एआयला आकडा मागू नका, हिशेब मागा

क्लाउडच्या खर्चाचा अंदाज कुठे चुकतो आणि तो भरवशाचा कसा करायचा?

बुलढाणा तालुक्यातले, जालना जिल्ह्याच्या सीमेजवळचे धाड. अशा गावातला संगणकशास्त्र शिकलेला तरुण आज कामासाठी पुण्यालाच जातो असे नाही. गावातल्या क्लासचे, दुकानाचे किंवा पतसंस्थेचे ॲप तो घरी बसून तयार करतो. ॲप ठेवायचे क्लाउडवर. त्याला महिन्याला किती खर्च येईल, हे तो चॅटजीपीटी, जेमिनी किंवा क्लॉडला विचारतो. दहा सेकंदांत उत्तर येते: साधारण तीन हजार रुपये. त्या आकड्यावर दरपत्रक तयार होते, शब्द दिला जातो.

बिल महिनाअखेरीस येते. ते एआयच्या नावाने येत नाही. ज्याचे कार्ड खात्याला जोडलेले आहे, त्याच्या नावाने येते.

म्हणून हा विषय केवळ तंत्रज्ञांचा नाही. एआयची मदत जरूर घ्यावी. मात्र त्याच्याकडून कोणते काम घ्यायचे आणि कोणते आपल्या हातात ठेवायचे, हे आधी ठरवावे लागते.

क्लाउडचे बिल म्हणजे काय?

क्लाउड म्हणजे दुसऱ्याच्या मालकीचे संगणक वापरापुरते भाड्याने घेणे. त्यासाठी आता साता समुद्रापार जावे लागत नाही. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये पुण्यासह भारतात क्लाउड केंद्रे सुरू केली. ॲमेझॉनचा मुंबई विभाग २०१६ मध्ये आणि गुगलचा २०१७ मध्ये आला.

बिल समजायला महावितरणचे बिल आठवा. त्यात युनिट गुणिले दर एवढेच नसते. स्थिर आकार, वहन आकार, इंधन समायोजन, वीज शुल्क अशा ओळी एकाखाली एक येतात. क्लाउडचेही तसेच. सर्व्हरचे तासाचे भाडे, साठवणुकीचे भाडे, सार्वजनिक आयपी पत्त्याचे भाडे, बॅकअप आणि क्लाउडमधून बाहेर जाणारा डेटा. दर बहुधा डॉलरमध्ये असतात, त्यामुळे रुपया घसरला की खर्च वाढतो. वरून १८ टक्के जीएसटी. ज्याची जीएसटी नोंदणी नाही, त्याला तो परत मिळण्याचा प्रश्नच नाही.

यातली एक ओळ सुटली तरी अंदाज कोसळतो. ती कोणती, हे उदाहरणातून पाहू.

एक हिशेब करून पाहू

समजा, धाडमधल्या एका क्लासला आपल्या शिकवणीचे व्हिडिओ ॲपवर द्यायचे आहेत. विद्यार्थी ३००. प्रत्येक जण महिन्यातले २५ दिवस रोज एक तास पाहणार. तासाभराचा साध्या दर्जाचा व्हिडिओ अर्धा जीबी धरू. व्हिडिओ एकूण १०० आणि हिशेबासाठी डॉलर ९० रुपयांचा. ॲमेझॉनच्या मुंबई विभागाचे दर ढोबळमानाने घेतले तर चित्र असे दिसते.

• सर्व्हर: दोन प्रोसेसर, चार जीबी मेमरी. तासाला साडेचार सेंट, महिन्याचे ७३० तास. सुमारे २,९५० रुपये.

• साठवणूक: ५० जीबी, दर जीबीला अडीच सेंट. सुमारे ११० रुपये.

• आयपी पत्ता: तासाला अर्धा सेंट. सुमारे ३३० रुपये.

• बाहेर जाणारा डेटा: ३०० × २५ × ०.५ म्हणजे ३,७५० जीबी. पहिले १०० जीबी मोफत. उरलेल्या ३,६५० जीबीला ११ सेंटप्रमाणे सुमारे ३६,१०० रुपये.

एकूण सुमारे ३९,५०० रुपये. जीएसटी धरून ४६,६०० रुपयांच्या आसपास. सर्व्हरची डिस्क आणि बॅकअप यात धरलेलेच नाहीत.

एआयने सांगितलेले तीन हजार खोटे नव्हते. ते सर्व्हरचे भाडे होते. प्रश्नात व्हिडिओंचा उल्लेख नव्हता, म्हणून उत्तरातही तो आला नाही. पण सर्वात मोठी ओळ तीच निघाली.

एआय नेमका कुठे चुकतो?

पहिली चूक गृहीतकांची. किती वापरकर्ते, किती डेटा, किती तास, हे आपण सांगितले नाही तर एआय स्वतःच काहीतरी धरून चालतो. ते काय धरले, हे बऱ्याचदा सांगतही नाही.

दुसरी चूक जुन्या दरांची. एआयचे ज्ञान एका ठरावीक काळापर्यंतच्या मजकुरावर बेतलेले असते. क्लाउडचे नियम मात्र बदलत राहतात. ॲमेझॉनने १ फेब्रुवारी २०२४ पासून प्रत्येक सार्वजनिक आयपीव्ही४ पत्त्याला तासाला अर्धा सेंट आकारायला सुरुवात केली. त्याआधी चालू सर्व्हरला जोडलेल्या पत्त्याचे वेगळे पैसे पडत नसत. नव्या खात्यांना मिळणारी १२ महिन्यांची मोफत सवलतही १५ जुलै २०२५ पासून बदलली. आता जमा रक्कम आणि जास्तीत जास्त सहा महिन्यांची मोफत योजना असे तिचे स्वरूप आहे. ‘पहिले वर्ष फुकट’ हे जुने उत्तर एआयने दिले आणि आपण ते क्लासचालकाला सांगितले, तर सातव्या महिन्यात खुलासा करायची वेळ आपल्यावर येते.

तिसरी चूक विभागाची. इंटरनेटवरची बहुतेक उदाहरणे अमेरिकेतल्या दरांची असतात आणि एआयही तेच दर उचलतो. बाहेर जाणाऱ्या डेटाचा ॲमेझॉनचा सुरुवातीचा दर व्हर्जिनियात जीबीला ९ सेंट आहे, मुंबईत सुमारे ११. वरच्या उदाहरणात या दोन सेंटांनीच महिन्याला साडेसहा हजारांचा फरक पडतो.

चौथी चूक गणिताची. एआय मुळात पुढचा शब्द ओळखणारे यंत्र आहे. छोटी बेरीज तो बहुधा बरोबर करतो; दहा ओळींच्या हिशेबात मध्येच एक गुणाकार घसरला तरी उत्तर तितक्याच ठामपणे देतो. भाषेतला हा ठामपणा खरेपणाचा पुरावा समजू नये.

मग काम कसे वाटायचे?

खर्चाच्या अंदाजाचे तीन भाग असतात: बाबी, परिमाण आणि दर.

बाबींची यादी एआयकडून घ्या. कोणत्या ओळी बिलात येऊ शकतात, कोणती ओळ नवख्याच्या नजरेतून सुटते, हे तो उत्तम सांगतो. परिमाण आपण ठरवा. क्लासमध्ये किती मुले आहेत आणि ती खरेच रोज तासभर व्हिडिओ पाहतील का, हे धाडमधल्या माणसालाच माहीत. दर मात्र कंपनीच्या अधिकृत दरपानावरूनच घ्या. ॲमेझॉन, मायक्रोसॉफ्ट आणि गुगल या तिघांचेही खर्च काढून देणारे मोफत कॅल्क्युलेटर आहेत. गुणाकार-बेरीज एक्सेल किंवा गुगल शीटमध्ये करा. त्यासाठीचे सूत्र एआयने लिहून दिले तरी हरकत नाही, कारण ते तपासता येते.

प्रश्न असा विचारा

‘किती खर्च येईल?’ असे विचारण्याऐवजी पुढील मजकूर वापरून पाहा:

‘लगेच आकडा देऊ नका. आधी या ॲपबद्दल आवश्यक ते सर्व प्रश्न मला विचारा. नंतर मुंबई विभाग धरून बिलात येणाऱ्या सर्व बाबींचा तक्ता करा: बाब, एकक, परिमाण, दर, एकूण. जे तुम्ही गृहीत धरले, त्यापुढे तसे लिहा. दराचा रकाना रिकामा ठेवा, तो मी भरतो. कमी, मध्यम आणि जास्त वापर असे तीन अंदाज लागतील. शेवटी, कोणती एक बाब दुप्पट झाली तर बिल सर्वात जास्त वाढेल ते सांगा.’

शेवटचा प्रश्न सर्वात मोलाचा. आपल्या उदाहरणात त्याचे उत्तर ‘बाहेर जाणारा डेटा’ असे येईल आणि मग उपायही सुचतील: व्हिडिओचा दर्जा कमी करणे, तो एकदाच डाउनलोड करून ठेवू देणे किंवा व्हिडिओ यूट्यूबवर ठेवून ॲपमध्ये केवळ दुवा देणे.

सरासरीवर विसंबू नका, हेही लक्षात ठेवा. दहावी-बारावीच्या निकालाच्या दिवशी दुपारी एक वाजता मंडळाच्या संकेतस्थळावर काय गर्दी उसळते, हे प्रत्येक घराने अनुभवले आहे. आपल्या क्लासचीही परीक्षेच्या आदल्या रात्री तीच गत होणार. ‘जास्त वापरा’चा अंदाज त्या रात्रीसाठी असतो.

दोन वेगवेगळ्या एआयना विचारून उत्तर जुळले तरी निर्धास्त होऊ नये. दोघांनीही तेच जुने पान वाचलेले असू शकते. आणि हिशेब विचारताना विद्यार्थ्यांचे मोबाइल क्रमांक किंवा खात्याचे पासवर्ड चुकूनही चिकटवू नयेत.

दरपत्रक देण्यापूर्वी

क्लाउड खात्यात खर्चमर्यादेची सूचना पहिल्याच दिवशी लावा. ही सूचना फक्त कळवते, सेवा आपोआप बंद करत नाही. शिवाय खर्चाची नोंद काही तास उशिराने होते. त्यामुळे मर्यादेच्या निम्म्यावर पहिली सूचना ठेवणे शहाणपणाचे.

दरपत्रकात आपला मेहनताना आणि क्लाउडचे भाडे वेगळे लिहा. भाड्यापुढे वापराची मर्यादा, डॉलरचा धरलेला दर आणि जीएसटी स्पष्ट नमूद करा. शक्य असल्यास खाते ग्राहकाच्याच नावाने उघडा. पहिला महिना थोड्या विद्यार्थ्यांवर चालवून खरे बिल तक्त्याशेजारी ठेवा. जिथे फरक दिसेल, तिथले परिमाण दुरुस्त करा. दुसऱ्या महिन्याचा अंदाज मग बराच जवळ येतो. या लेखातले दरही त्याच नियमाने तपासून घ्यावेत.

घर बांधताना गवंड्याने नुसते ‘दहा लाख’ म्हटले तर आपण मान डोलावत नाही. विटा किती, सिमेंट किती, मजुरी किती, हे विचारतो. एआयला मात्र आपण हे विचारायचे विसरतो, कारण तो झटपट आणि गोड बोलतो.

यात पणाला लागतो तो गावातल्या तरुणाचा शब्द. एका क्लासचे ॲप बिल न भरल्याने बंद पडले, की ‘इथल्या पोरांना काम देऊन उपयोग नाही’ हे वाक्य गावभर होते आणि पुढचे काम शहरातल्या कंपनीकडे जाते. अर्धा तास तक्त्यावर घालवून ते टाळता येत असेल, तर तो अर्धा तास आधी काढावा आणि मगच दरपत्रकावर सही करावी.