चढाईचे बूट

मुलांनो, कल्याणजवळच्या मलंगगडाचे उभे कडे तुम्ही पाहिले असतील. असे कडे दोर बांधून चढण्यासाठी खास बूट मिळतात. त्यांचा रबरी तळ गुळगुळीत असतो, म्हणूनच तो खडकाला चिकटून राहतो.

पाय वाढतो म्हणून एक नंबर मोठा बूट घेण्याची आपल्या घरांत रीत आहे. शाळेच्या बुटाला ती चालते. कड्यावर मात्र सैल बूट दगा देतो. बोटे पुढे टेकली पाहिजेत, पण दुखता कामा नयेत. नवशिक्याने सपाट तळाचे बूट निवडावेत.

पण असा घट्ट बूट वाढत्या पायाला लवकरच लहान होतो. म्हणून माझे मत असे, की अम्मी-अब्बांकडे नव्या बुटांचा हट्ट धरू नका. आधी जाणत्या प्रशिक्षकाकडे शिका, मापाचे बूट मागून वापरा. पाय वाढायचा थांबला, की स्वतःचे घ्या.