वाइन, प्रदेश आणि मिरास : 'चव मातीत असते' या अर्धसत्याविरुद्ध

#थ्रेड

१/ मराठीत वाइनचा विषय निघाला की दोन मते हमखास ऐकू येतात. पहिले : "खरी वाइन फ्रान्सची; आपल्या मातीत ते नाही आणि आपल्या जिभेवर तो संस्कार नाही." दुसरे : "हे सगळे परकीय खूळ, आपल्या परंपरेला त्याची ओळखच नव्हती." वरवर पाहता ही मते एकमेकांची वैरी आहेत, पण ती एकाच अज्ञानाची जुळी अपत्ये आहेत. वाइन आणि तिची प्रदेशवार पारख ही युरोपची वडिलोपार्जित मिरास आहे, असे दोघेही धरून चालतात. प्रस्तुत थ्रेड त्या गृहीतकाविरुद्ध आहे.

२/ आरंभीच मुद्दा स्पष्ट करतो. माती, ऊन, पाऊस, उंची यांचा द्राक्षाच्या चवीवर परिणाम होतो, हे निर्विवाद. फ्रेंच लोक या साऱ्याला मिळून 'तेरुआर' म्हणतात. परंतु कोणत्या मातीचे नाव आदराने घ्यायचे आणि कोणत्या मातीला हसायचे, हे माती ठरवत नाही. ते व्यापार, फसवणूक, दंगली आणि कायदे ठरवतात. प्रदेशाचे नाव ही माणसांनी उभारलेली संस्था आहे, आणि तिला जन्मतारीख असते.

३/ प्रारंभ फ्रान्सपासून होतच नाही. इजिप्तचा राजा तुतानखामुन इसवी सनपूर्व चौदाव्या शतकात होऊन गेला. त्याच्या थडग्यात वाइनचे कुंभ मिळाले आणि त्यांवर शाईने मजकूर लिहिलेला होता : राजवटीचे कितवे वर्ष, कोणाच्या मालकीचा मळा, नाईलच्या कोणत्या फाट्यावरचा प्रदेश, आणि मुख्य द्राक्षमळेकऱ्याचे नाव. आजच्या बाटलीवरील लेबल यापेक्षा वेगळे काय सांगते? तेव्हा बोर्दोचे नावही जगाला ठाऊक नव्हते.

४/ आता आपल्या घरातील पुरावा. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुराध्यक्षाचे प्रकरण आहे. तेथे द्राक्षरसापासून केलेल्या मद्याला 'मधु' म्हटले आहे आणि त्याचे दोन प्रकार दिले आहेत : कापिशायन आणि हारहूरक. ही नावे प्रदेशांवरून पडली आहेत, आणि मद्याचा देश हेच त्याच्या नावाचे स्पष्टीकरण, असे ग्रंथकार स्वतःच सांगतो. ग्रंथाचा काळ कितीही अलीकडे ओढला तरी तो दीड हजार वर्षांहून जुना आहे. 'तेरुआर' हा शब्द ऐकून भारावणाऱ्यांनी हे प्रकरण एकदा अवश्य वाचावे.

५/ कापिशी म्हणजे आजच्या अफगाणिस्तानातील बेग्रामचा परिसर, काबूलच्या उत्तरेस. पाणिनीने या गावाच्या नावापासून विशेषण साधण्यासाठी स्वतंत्र सूत्र दिले आहे. त्याची उदाहरणे म्हणून पुढील वैयाकरणांनी कोणते शब्द घेतले? 'कापिशायन' मधु आणि 'कापिशायनी' द्राक्षा. ज्या गावाच्या द्राक्षांसाठी आणि मद्यासाठी व्याकरणाला शब्द घडवावा लागतो, त्या गावाची ख्याती किती दूर पसरली असेल, याची कल्पना करावी.

६/ पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' हे ग्रीक भाषेतील व्यापारी प्रवासवर्णन. भरुकच्छ बंदरात, म्हणजे आजच्या भडोचला, काय खपते याची यादी त्यात आहे. वाइनचा क्रम लक्षणीय आहे : पसंती इटलीच्या वाइनला, त्याखेरीज लाओडिकियाची आणि अरबस्तानची. म्हणजे तीन प्रदेशांच्या वाइनमधला भेद इथल्या ग्राहकाला कळत होता आणि त्यासाठी तो निरनिराळे मोल देत होता. त्याच ग्रंथानुसार पैठण आणि तगर, म्हणजे आपले तेर, येथून माल याच बंदराकडे जात असे.

७/ प्रवरेकाठच्या नेवाशात ह. धी. सांकळिया यांच्या उत्खननात (१९५४–५६) भूमध्य सागराकडील कुंभांचे, म्हणजे अँफोरांचे, तुकडे सापडले. इथे सावधगिरीही हवी. भारतात 'रोमन' म्हणून नोंदलेले अनेक तुकडे मेसोपोटेमियाकडील 'टॉर्पेडो' कुंभांचे आहेत, हे रोबर्टा टोंबर यांनी पुढे दाखवून दिले. याने आपला मुद्दा कमकुवत होत नाही. पश्चिमेकडून येणारे कुंभ एकट्या रोमचे नव्हते, व्यापाराचे जाळे त्याहून विस्तृत होते, एवढाच त्याचा अर्थ.

८/ आता युरोपकडे वळू. तेथील 'सनातन' प्रदेश किती सनातन आहेत?
पोर्तुगालचे डोरो खोरे घ्या. पोर्ट वाइनमध्ये भेसळ वाढली, एल्डरबेरीच्या रसाने रंग गडद करण्याची युक्ती बोकाळली आणि इंग्लंडचा बाजार कोसळला. तेव्हा १७५६ साली मार्क्विस ऑफ पोंबाल याने प्रदेशाची हद्द आखली, सीमेवर ग्रॅनाइटचे दगड रोवले आणि एल्डरबेरीची झाडे उपटण्याचा हुकूम दिला. म्हणजे प्रदेशाची सीमा जन्मली ती भेसळीच्या पोटी.
(गोव्यात 'पोर्ट' म्हणून जी गोड लाल वाइन स्वस्तात विकली जाते, तिचा डोरोशी संबंध केवळ नावापुरता असतो.)

९/ बोर्दोची १८५५ ची सुप्रसिद्ध प्रतवारी : तिसऱ्या नेपोलियनच्या काळातील पॅरिस प्रदर्शनासाठी दलालांनी लाल वाइनच्या मळ्यांची पाच श्रेणींत यादी केली. निकष कोणता? मुख्यतः बाजारातील किंमत. मातीची परीक्षा झाली नाही आणि परीक्षकांनी त्यासाठी रांगेने चषकही चाखले नाहीत. ती यादी आजही जवळपास तशीच आहे. मुतोँ-रोथशिल्डला १९७३ मध्ये पहिल्या श्रेणीत बढती मिळाली, हा मोठा अपवाद. दलालांची भावपट्टी दीडशे वर्षे वेदवाक्य म्हणून वाचली जाते, याला काय म्हणावे?

१०/ मग 'शतकांची माती आणि शतकांचे मूळ' या गौरवकथेवर निसर्गानेच घाला घातला. अमेरिकेतून आलेल्या फिलॉक्सेरा या किडीने १८६० च्या दशकापासून फ्रान्समधील वेलींची मुळे पोखरली. १८७५ मध्ये सुमारे ८.४५ कोटी हेक्टोलिटर असलेले उत्पादन १८८९ पर्यंत सुमारे २.३४ कोटींवर घसरले. उपाय एकच टिकला : किडीला दाद न देणाऱ्या अमेरिकी वेलीच्या खुंटावर फ्रेंच वेलीचे कलम. आज बोर्दो आणि बर्गंडीच्या बहुतेक साऱ्या बागा अमेरिकी मुळांवर उभ्या आहेत.

११/ या कामी टेक्सासच्या टी. व्ही. मन्सनने रानवेलींवर केलेले संशोधन मोलाचे ठरले; १८८८ मध्ये फ्रान्सने त्याचा सन्मान केला. आता नाशिक, सांगली, सोलापूरच्या कोणत्याही द्राक्षबागायतदाराला विचारा : "बाग कोणत्या खुंटावर आहे?" बहुधा उत्तर येईल, "डॉगरीज." हा खुंटही टेक्सासच्या रानवेलीतूनच आलेला. आपल्याकडे तो क्षार आणि पाण्याची टंचाई यांना तोंड देण्यासाठी लावतात, एवढा फरक. ज्यांना फ्रान्सचे मूळ पवित्र आणि नाशिकचे उसने वाटते, त्यांनी जरा जमिनीखाली डोकावावे.

१२/ किडीनंतर टंचाई आली आणि टंचाईबरोबर बनावट वाइन आली : साखरपाणी, बेदाण्यांचा रस, बाहेरून आणलेला माल. पुढे उत्पादन सावरले, तेव्हा भाव कोसळले. १९०७ मध्ये दक्षिण फ्रान्सच्या लांगदोक भागात द्राक्षशेतकरी मार्सेलँ आल्बेर याच्या नेतृत्वाखाली रस्त्यावर उतरले. ९ जून रोजी माँपेलिएत जमलेल्या जनसमुदायाचा अंदाज पाच लाखांहून अधिक सांगितला जातो. नार्बोनमध्ये सैन्याने गोळीबार केला, माणसे मेली, आणि १७ व्या पायदळ रेजिमेंटच्या सैनिकांनी बंड केले. 'शुद्ध वाइन' हा शब्द असा रक्त सांडून कायद्यात आला.

१३/ शँपेनची कथा तर प्रदेशाच्या नावाचीच लढाई आहे. व्यापारी बाहेरची स्वस्त द्राक्षे आणून 'शँपेन' विकत. १९०८ मध्ये सरकारने हद्द आखली आणि ओब जिल्हा तिच्याबाहेर ठेवला. वास्तविक शँपेनची जुनी राजधानी त्र्वा ही त्याच जिल्ह्यात. १९११ मध्ये तळघरे फोडली गेली, गोदामे जळली, सैन्य बोलवावे लागले. ओबला आधी दुय्यम दर्जा मिळाला आणि १९२७ मध्ये पूर्ण हक्क. त्या एकोणीस वर्षांत ओबची माती बदलली होती काय?

१४/ या साऱ्या संघर्षाची फलश्रुती म्हणजे ३० जुलै १९३५ चा फ्रेंच हुकूम, ज्यातून नियंत्रित मूळनामाची व्यवस्था उभी राहिली : कोणत्या हद्दीत, कोणती द्राक्षे, एकरी किती उत्पादन, कोणती पद्धत. म्हणजे फ्रान्सचे जे 'युगानुयुगांचे' वैभव आपण पाहतो, त्याची कायदेशीर चौकट अजून शंभर वर्षांचीही नाही. फ्रान्सचे खरे थोरपण येथे आहे. त्याला चांगली माती लाभली हे अर्धेच सत्य. त्याने आपल्या नावाची राखण केली, हे उरलेले अर्धे.

१५/ आता प्रत्यक्ष आस्वाद. २४ मे १९७६, पॅरिस. स्टीव्हन स्परियर या इंग्रज व्यापाऱ्याने फ्रेंच परीक्षकांपुढे फ्रान्स आणि कॅलिफोर्नियाच्या वाइन लेबल झाकून ठेवल्या. पांढऱ्या वाइनमध्ये शातो माँटेलेना आणि लाल वाइनमध्ये स्टॅग्ज लीप, दोन्ही कॅलिफोर्नियाच्या, पहिल्या आल्या. एका परीक्षकाने तर कॅलिफोर्नियाचा घोट घेऊन आपण फ्रान्सला परतल्याचे समाधान व्यक्त केले. लेबल झाकताच मिरासदारी संपली.

१६/ २००१ मध्ये प्रसिद्ध झालेला बोर्दोतील एक प्रयोग याहून बोलका आहे. वाइनशास्त्र शिकणाऱ्या ५४ जणांना पांढरी वाइन बेचव लाल रंग घालून दिली. त्यांनी तिचे वर्णन लाल वाइनसाठी राखून ठेवलेल्या शब्दांत केले. जीभ आणि नाक डोळ्यांचे ऐकतात, डोळे लेबलचे ऐकतात, आणि लेबल कोणाचे ऐकते? इतिहासाचे.

१७/ "मग प्रदेशाची चव हा निव्वळ भ्रम काय?" मुळीच नाही. शेनँ ब्लाँ हे एकच द्राक्ष घ्या. फ्रान्सच्या ल्वार खोऱ्यात ते थंड हवेत सावकाश पिकते आणि शरद ऋतूत काढले जाते. आम्लता तीक्ष्ण राहते. नाशिकला हिवाळ्यात वेल झोपत नाही, म्हणून तिला छाटणीनेच वळण लावावे लागते : एप्रिलची खरड छाटणी, पावसाळ्याच्या अखेरीची गोडी छाटणी, आणि काढणी जानेवारी ते मार्चमध्ये, थंड रात्री सरत असताना. ऊन वाढू लागले की साखर चढते, आम्ल उतरते. चार दिवसांचा उशीर चवीत कळतो. हा भेद समजून घेणे म्हणजे आस्वाद. त्यातून कोणाचे कूळ उच्च आणि कोणाचे नीच हे काढणे म्हणजे अंधश्रद्धा.

१८/ नावांचा भाबडेपणा पाहायचा असेल तर नाशिकचीच 'शिराझ' घ्या. इराणच्या शिराझ शहरातून हे द्राक्ष आले, अशी सुंदर आख्यायिका आहे. १९९० च्या दशकाअखेरीस झालेल्या डीएनए तपासणीने ती निकालात काढली : सिरा ऊर्फ शिराझ हे आग्नेय फ्रान्समधील द्युरेझा आणि माँद्यूझ ब्लाँश या दोन वाणांचे अपत्य. फ्रान्सचे द्राक्ष, इराणी शहराचे नाव, ते नाव रूढ झाले ऑस्ट्रेलियात आणि बाग आहे गोदावरीच्या खोऱ्यात. शुद्ध वंशावळ शोधणाऱ्याने येथे हात टेकावेत.

१९/ महाराष्ट्राने २००१ मध्ये द्राक्षप्रक्रिया धोरण आणले; पुढे 'नाशिक व्हॅली वाइन'ला भौगोलिक निर्देशांक मिळाला. पण निर्देशांक म्हणजे रोवलेला दगड. राखण अजून व्हायची आहे. बाटलीवर तालुका, गाव आणि काढणीचे वर्ष ठळक असावे, बाहेरचा माल मिसळला तर तो उघड लिहिलेला असावा, हा आग्रह ग्राहकाने धरला पाहिजे. 'भारताचे नापा' हे बिरुद मिरवणे ही राखण नव्हे. नापानेही स्वतःला बोर्दोची नक्कल म्हणवून घेत मोठेपण मिळवले नाही. नावाची पत घसरली की पहिला फटका द्राक्ष पिकवणाऱ्याला बसतो, हे लांगदोकने शंभर वर्षांपूर्वी रक्ताने लिहून ठेवले आहे.

२०/ दुसऱ्या पक्षालाही दोन शब्द. जानेवारी २०२२ मध्ये सुपरमार्केटमधील वाइनविक्रीचा निर्णय झाला तेव्हा महाराष्ट्रात मोठे वादळ उठले. व्यसनाचे दुष्परिणाम खरे आहेत, न पिण्याचा निर्णय सर्वथा आदरणीय आहे आणि विक्रीला विरोध करण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. मात्र त्या विरोधासाठी 'आपल्याकडे हे नव्हतेच' असा खोटा इतिहास रचू नये. अर्थशास्त्र मद्याचे प्रकारही सांगते आणि त्याच्या विक्रीवर, पिण्यावर कडक निर्बंधही घालते. आपल्या पूर्वजांना पारख आणि मर्यादा या दोन्ही गोष्टी एकाच प्रकरणात लिहिता येत होत्या.

२१/ सारांश : चव मातीत असते हे अर्धे सत्य, उरलेले अर्धे कागदपत्रांत, सीमेच्या दगडांत आणि शेतकऱ्यांच्या मोर्चांत असते. तेव्हा पुढच्या वेळी कोणी चषक फिरवत 'ही फ्रान्सचीच हवी' असे म्हणाले, तर विनम्रपणे विचारा : "कोणत्या सालच्या फ्रान्सची?"

प्रतिवादाचे स्वागत आहे, पुराव्यासह. थ्रेड समाप्त.