आकडा लिहा, आणि तो कसा मोजला तेही लिहा

विदर्भातल्या एका तालुक्याच्या गावी प्रॅक्टिस करणाऱ्या एका वाचक-डॉक्टरांनी आपल्या पेशंटचे तीन रिपोर्ट आम्हाला पाठवले आहेत. पेशंट सत्तरीतले, एस.टी.चे निवृत्त चालक, उभा जन्म बिडी ओढलेली. प्रोस्टेटच्या तक्रारीसाठी सोनोग्राफी केली आणि इन्फ्रारिनल एओर्टाचा ॲन्युरिझम अवचित सापडला. पहिल्या रिपोर्टात 4.4 सें.मी. असा आकडा आहे. सहा महिन्यांनी दुसऱ्या सेंटरवर तपासणी झाली, तिथे आकडाच नाही. ‘एओर्टा डायलेटेड, क्लिनिकल कोरिलेशन सुचवले जाते’ एवढीच ओळ. पुढे जिल्ह्याच्या ठिकाणी सी.टी. झाला, त्यात 5.1. शहरातल्या व्हॅस्क्युलर सर्जननी पहिला प्रश्न विचारला तो असा: वर्षभरात हा सात मिलिमीटर वाढला, की फक्त मोजणारे बदलले? याचं उत्तर कुणाजवळ नव्हतं. पहिल्या तपासणीचे थर्मल प्रिंट पुसट झाले होते, दुसऱ्या सेंटरने प्रिंट दिलेच नव्हते. घरच्यांनी मात्र ‘वाढलाय’ एवढंच ऐकलं आणि म्हातारबुवांचं शेतावर जाणंसुद्धा बंद केलं.

हे एकट्याचं गाऱ्हाणं असतं तर संपादकीयाचा विषय झाला नसता. या जातीची पत्रं आम्हाला सतत येत आहेत, आणि जवळजवळ प्रत्येक पत्रासोबत आलेल्या रिपोर्टांत दोष तोच आहे.

लहान ॲन्युरिझम साधारणपणे वर्षाला दोन-तीन मिलिमीटरने वाढतो. आता मोजण्याच्या पद्धतीने किती फरक पडतो ते पाहा. कॅलिपर आतल्या कडेपासून आतल्या कडेपर्यंत ठेवला, की बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत, एवढ्यानेच तीन-चार मिलिमीटर इकडचे तिकडे होतात. ब्रिटनच्या स्क्रीनिंग कार्यक्रमात 65 वर्षांच्या पुरुषांची महाधमनी आतून-आतून मोजतात. त्याच देशातल्या 1998 च्या स्मॉल ॲन्युरिझम ट्रायलमध्ये बाहेरून-बाहेरून मोजली होती. वाकड्यातिकड्या झालेल्या एओर्टाला प्रोब तिरका लागला, किंवा सी.टी.त वाहिनीच्या अक्षाला काटकोनात न जाता सरळ ॲक्झियल स्लाइसवर मोजलं, तर आकडा आणखी फुगतो. म्हणजे मोजणीतली तफावत एका वर्षाच्या खऱ्या वाढीपेक्षा मोठी असू शकते. आपल्या एस.टी. चालकांचा ॲन्युरिझम सात मिलिमीटर वाढला असेल, दोन मिलिमीटर वाढला असेल, किंवा आहे तिथेच असेल. एकाला लवकर ऑपरेशनची तारीख, दुसऱ्याला निवांत वर्षभराचा फॉलोअप. आणि हे ठरणार एका न लिहिलेल्या शब्दावर.

ही काटेकोरी कशासाठी, असं ज्यांना वाटतं त्यांनी त्या ट्रायलचा आणि 2002 च्या अमेरिकन ‘ॲडम’ ट्रायलचा निष्कर्ष पुन्हा वाचावा. 5.5 सें.मी.च्या खाली लवकर ऑपरेशन केल्याने आयुष्य वाढत नाही. या दोन्ही अभ्यासांत निरीक्षणाखाली ठेवलेल्या पेशंटांत फुटण्याचं प्रमाण वर्षाला सुमारे एक टक्का किंवा त्याहून कमी होतं. या पेशंटांसाठी निरीक्षण हीच ट्रीटमेंट आहे, आणि निरीक्षणाचा सगळा भार त्या एका आकड्यावर आहे.

त्याहून गंभीर गोष्ट टेम्प्लेटची. पोटाच्या सोनोग्राफीच्या कित्येक रिपोर्टांत ‘एओर्टा आणि आय.व्ही.सी. नॉर्मल’ ही ओळ आधीपासूनच टाइप केलेली असते. बोवेल गॅसमुळे एओर्टा दिसली नाही तरी ती ओळ तशीच छापली जाते, प्रोब तिथे फिरवलाच नाही तरी छापली जाते. एका वाचकांनी कळवलेल्या केसमध्ये अशा ‘नॉर्मल’ रिपोर्टनंतर काही आठवड्यांतच त्या माणसाचा सहा सेंटिमीटरच्या वरचा ॲन्युरिझम फुटला. काही आठवड्यांत तो नव्याने तयार झालेला नव्हता. न पाहिलेला अवयव नॉर्मल म्हणून सही करणं हा निष्काळजीपणा आहे, त्याला दुसरं नाव देता येत नाही. सकाळच्या पाळीत पेशंटांची रांग असते, दर परवडत नाहीत, रेफर करणारे डॉक्टर नुसतं ‘यू.एस.जी. ॲबडोमेन’ लिहून पाठवतात, हे सगळं आम्हाला ठाऊक आहे. पण एओर्टा वरपासून बायफर्केशनपर्यंत पाहून दोन कॅलिपर ठेवायला एक मिनिट लागतं. आणि गॅसमुळे दिसत नसेल तर ‘दिसली नाही’ असं लिहायला तेवढंही लागत नाही.

अधिकाऱ्यांबद्दलही बोललं पाहिजे. पी.सी.पी.एन.डी.टी. कायद्याची गरज महाराष्ट्राइतकी दुसऱ्या कुठल्या राज्याने ओळखलेली नाही; देशाचा कायदा 1994 चा, आपण 1988 मध्येच केला होता. त्या कायद्याला आमचा विरोध नाही, कधी नव्हता. पण सोनोग्राफी सेंटरची तपासणी म्हणजे एफ फॉर्मची तपासणी, एवढाच अर्थ आता उरला आहे. त्या फॉर्ममधली त्रुटी हा केवळ कारकुनी दोष नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये बजावलं, आणि ते योग्यच आहे. मग त्याच मशिनवर, त्याच सहीने निघणाऱ्या बाकीच्या रिपोर्टांचं काय? त्यांत किमान काय असावं हे विचारायला येणारा अधिकारी आम्ही अजून पाहिलेला नाही. आरोग्य खात्याने सर्व सेंटरना एक पानाचा किमान नमुना द्यावा, ही मागणी खर्चिक नाही. त्यासाठी समिती नेमण्याचीही गरज नाही.

खातं हलेल तेव्हा हलेल. तोवर आपल्या हातात जे आहे ते करू या. सोनोलॉजिस्ट मित्रहो, व्यास लिहिताना अँटेरोपोस्टेरिअर की ट्रान्सव्हर्स ते लिहा, कडा आतल्या की बाहेरच्या ते लिहा, रिनल आर्टरीच्या संदर्भात पातळी लिहा, म्युरल थ्रॉम्बस आणि दोन्ही इलिॲक लिहा, मागचा रिपोर्ट मागून घ्या आणि तुलना करा. टू-डी एको करणाऱ्यांनाही हेच सांगणं आहे: ‘रूट डायलेटेड’ पुरेसं नाही, सायनसच्या पातळीवर किती, असेंडिंगला किती, हे मार्फन असलेल्या तरुण पेशंटच्या बाबतीत जिवाशी येतं.

फॅमिली डॉक्टरांसाठी आणखी चार गोष्टी, कारण पेशंट शेवटी त्यांच्याच बाकावर येऊन बसतो. त्याला घाबरवू नका. साडेचार सेंटिमीटरच्या ॲन्युरिझमसह माणूस चालू शकतो, प्रवास करू शकतो, नातवंडांना घेऊन जत्रेला जाऊ शकतो; श्वास रोखून जड ओझं उचलणं तेवढं टाळायचं. बिडी-सिगारेट मात्र आजच बंद, आणि बी.पी. दर भेटीला. सिप्रो, लिव्हो, ऑफ्लॉक्सासिन-ऑर्निडाझोल हाताला लागलं म्हणून लिहू नका: फ्लुरोक्विनोलोन आणि एओर्टा फुटणं किंवा फाटणं यांच्या संबंधाबद्दल अमेरिकेच्या एफ.डी.ए.ने डिसेंबर 2018 मध्येच सावध केलं आहे. ॲन्युरिझम माहीत असलेल्या पेशंटला दुसरा पर्याय असताना ही औषधं द्यायची नसतात, आणि जुलाबासाठी गल्लोगल्ली तीच दिली जातात. त्याच्या सख्ख्या भावाबहिणींची आणि पन्नाशी ओलांडलेल्या मुलांची एकदा सोनोग्राफी करून घ्या. स्त्री पेशंट असेल तर 5.5 ची वाट पाहू नका, 5.0 लाच सर्जनकडे पाठवा.

साठीपुढच्या, बिडी ओढणाऱ्या माणसाला आयुष्यात पहिल्यांदाच डाव्या कुशीत कळ आली, तर मुतखडा ठरवून डायक्लोफिनॅक टोचण्याआधी एओर्टावर प्रोब ठेवा किंवा ठेववून घ्या. आणि ॲन्युरिझम माहीत असलेल्या प्रत्येक पेशंटच्या नातेवाइकांना आजच, शांतपणे, सांगून ठेवा: अचानक पोटात किंवा पाठीत जोरात दुखलं, घेरी आली, तर सी.टी. आणि व्हॅस्क्युलर सर्जन दोन्ही जिथे आहेत तिथेच न्यायचं, निघण्याआधी फोन करायचा. ते हॉस्पिटल कोणतं आणि रात्री तिथे कोण फोन घेतं, हे पेशंटच्या फाइलच्या पहिल्या पानावर तुमच्या अक्षरात लिहिलेलं असू द्या.

एओर्टाच्या रिपोर्टचा एका पानाचा नमुना पुढच्या अंकात छापत आहोत. त्यातला प्रत्येक रकाना तुमच्या सूचनांवरून ठरेल. कडा कोणत्या धरायच्या याबद्दल मतभेद आहेत; आमचा कल बाहेरून-बाहेरून मोजण्याकडे आहे, ज्यांना ते पटत नाही त्यांनी कारणांसह लिहावं. पत्रं या महिन्याच्या 20 तारखेपर्यंत आमच्या हाती यावीत.